गुलाबाचं पान गोल कापणारी ती अळी नव्हे, ताई

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आर्वी तालुक्यातल्या तुमच्या घरी अंगणातल्या गुलाबाची आणि मागच्या वावरातल्या तुरीची पानं कडेने गोल कापलेली दिसतात, अळी मात्र एकही सापडत नाही. दुकानदाराने पान पाहून औषध दिलं, तुम्ही ते दोनदा मारलं, तरी कापणं थांबलं नाही. त्यातच मोटारीच्या खोलीच्या कुलपात कुणीतरी ओली माती भरली आणि त्याच्याभोवती एक माशी घुटमळताना दिसली. ही तीच का, ती चावते का, मध देते का आणि काय फवारायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

फवारायचं काहीच नाही, हे आधी सांगतो. ते औषध परत आणू नका. आता कारण नीट सांगतो, कारण याच गैरसमजापायी आपण पान कापणाऱ्या या मधमाशीचं बरंच नुकसान करून बसलो आहोत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका रोपवाटिकेत अशी पानं पाहून अळीचं औषध लिहून दिलं होतं. माशी कापताना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसली ती त्यानंतर.

आधी पान ओळखायला शिका. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं, मध्येच भोकं असतात, खाली काळी विष्ठा पडलेली असते. टोळ-नाकतोड्याने खाल्लेल्या पानाची कड फाटल्यासारखी, दातेरी दिसते. तुमच्या फोटोतल्या पानाला जणू कुणी नखकात्रीने अर्धगोल काढलाय. काप कडेपासून आत गेलाय आणि पुन्हा कडेलाच आलाय, मधल्या जाड शिरेला हात लावलेला नाही. काही काप लांबट आहेत, काही अगदी चंद्रकोरीसारखे गोल. या दोन आकारांना अर्थ आहे, तो पुढे सांगतो. हे काम पान कापणाऱ्या मधमाशीचं. शास्त्रात हिच्या वंशाला मेगाकाइली म्हणतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने १८०२ मध्ये हे नाव दिलं. जगात या एका वंशात सुमारे दीड हजार जाती आहेत. आपल्या गावांत हिला ठरलेलं नाव मी कुठे ऐकलं नाही. आग्या, सातेरी, फुलोरी, भुंगा यांना नावं आहेत, कारण त्यांचा मध किंवा डंख माणसाच्या वाट्याला येतो. हिचं दोन्हींतलं काहीच येत नाही, म्हणून बिनानावाचीच राहिली. आम्ही आपसांत पानकापी म्हणतो.

ती पान कापते ते एकदा बघाच. सकाळी नऊनंतर, ऊन चांगलं तापलं की गुलाबाजवळ स्टूल घेऊन शांत बसा. माशी येते, दोन-तीन पानांवर बसून उठते, मग एका पानाच्या कडेवर स्वार होते. कड तिच्या पायांच्या मध्ये असते. जबडा कात्रीसारखा चालू होतो आणि ती स्वतःभोवती फिरत फिरत कापत जाते, म्हणून काप गोल येतो. तिचं अंगच कंपासाचं काम करतं. शेवटचा धागा तुटायच्या आधी पंख फडफडायला लागतात, कारण ती ज्या तुकड्यावर बसली आहे तोच आता खाली पडणार असतो. तुकडा सुटला की क्षणभर खाली झुकते, सावरते आणि तो पोटाखाली दुमडून धरून निघून जाते. हे सगळं काही सेकंदांत होतं. तुम्ही पाणी प्यायला मान वळवलीत तर हुकेल.

ती हा तुकडा खात नाही, ताई. म्हणूनच तुमचं औषध चाललं नाही. पान पोटात जातच नाही, तर पानावरचं विष तिला कापण्यापासून काय रोखणार? त्या विषाचा दुसरा परिणाम मात्र होतो. तो तुकडा ती घरी नेऊन पिलाच्या भोवती गुंडाळते, म्हणजे विषाचं पान पिलाच्या अंगाला लागून राहतं. मुळातून झाडभर पसरणारी, बीजप्रक्रियेत वापरली जाणारी औषधं पानातही उतरतात, ती याच वाटेने तिच्या घरात पोचतात.

घर म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा भंडारा जिल्ह्यात नीट कळलं. एका घराच्या छपराचा जुना बांबू बदलताना आडवा फुटला आणि आत हिरव्या-तपकिरी कांड्यांची रांग निघाली. घरातली आजी आयुष्यभर विड्या वळत आलेली. तिने एक कांडी हातात घेतली, बोटांनी फिरवली आणि म्हणाली, "इले कोनं शिकवलं जी वळाले?" याहून चांगलं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लहान, पानांच्या एकावर एक थरांनी घट्ट वळलेली विडीच ती. लांबट तुकडे बाजूच्या भिंतींना लागतात, गोल तुकडे झाकणाला. झाकणाचे तुकडे भोकापेक्षा किंचित मोठे कापलेले असतात, म्हणून ते दाबून बसतात. कडा ती चावून मऊ करते आणि त्या चिकटतात. एका खोलीला साधारण दहा-पंधरा तुकडे लागतात. आत पराग आणि फुलातला मधुरस कालवून केलेला गोळा, त्यावर एक अंडं, वर झाकण. मग त्या झाकणाला टेकून पुढची खोली. पानाच्या अस्तरामुळे आतला ओलावा सुटत नाही आणि बाहेरचा आत शिरत नाही. ही माशी एकटी राहते. राणी, कामकरी, पोळं असं काही नसतं. एकच मादी सगळं करते आणि बहुतेकदा आपलं पोर बघायला जिवंत राहत नाही.

एका नळीतल्या खोल्यांमध्येही क्रम असतो. मादी अंडं घालताना ते फलित करायचं की नाही हे ठरवू शकते. फलित अंड्यातून मादी निघते, न केलेल्यातून नर. नळीच्या तळाशी माद्या, तोंडाकडे नर, असा तिचा साधारण नियम. नर आधी तयार होतात आणि दाराशीच असल्यामुळे आधी बाहेर पडतात, कुणाच्या अंगावरून जावं लागत नाही. बाहेर पडल्यावर ते आसपास फिरत माद्यांची वाट बघतात. संध्याकाळी एखाद्या वाळल्या काडीला जबड्याने पकडून आडवे लटकलेले छोटे कीटक दिसले, तर ते मेलेले नाहीत, झोपलेले नर असू शकतात. या माशीच्या घरात घुसखोरी करणाऱ्या कोयलिऑक्सिस नावाच्या माशाही अशाच झोपतात. त्यांच्या मादीचं पोट मागे टोकदार सुईसारखं असतं. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात, तशी ती पानकापीच्या खोलीत अंडं टाकते, तिची अळी घरमालकिणीचं अंडं मारते आणि साठवलेलं अन्न खाते. घुसखोर दिसली म्हणून तिला मारू नका. ती तिथे आहे म्हणजे पानकापी जवळपास पुरेशा संख्येने आहे.

आता कुलपातली माती. ती बहुधा याच वंशाची, पण वेगळी बहीण आहे. मेगाकाइलीतल्या सगळ्याच पानं कापत नाहीत. पान कापणारींच्या जबड्याच्या दातांमध्ये धारेची पट्टी असते, माती-राळेवाल्यांच्या जबड्यात ती नसते. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारी मातीवाली म्हणजे मेगाकाइली लॅनाटा. पाठीवर तांबूस-पिंगट लव, काळ्या पोटावर बारीक पांढरे पट्टे. कुलपाचं भोक, खिडकीच्या चौकटीतलं स्क्रूचं भोक, प्लास्टिकच्या पाईपाचं उघडं तोंड, भिंतीतली जुनी खिळ्याची जागा, जिथे तिचं अंग मावेल तिथे ती मातीच्या खोल्या करते. जहाजांतून माणसाच्या सामानाबरोबर ही वेस्ट इंडिज आणि फ्लोरिडापर्यंत पोचली आहे. दुसरी, मेगाकाइली डिसजंक्टा, झाडाची राळ वापरते. कडुनिंबाच्या डिंकाशी घुटमळणारी काळी माशी दिसली तर तिच्याकडे जरा थांबून बघा. पान, माती, राळ अशी प्रत्येकीची सामग्री वेगळी असल्यामुळे एकाच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चार-पाच जाती भांडण न करता नांदतात. भारतात मधमाशांच्या सातशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि आपल्याला नाव माहीत असलेल्या जेमतेम पाच-सहा. बिंगहॅमने १८९७ मध्ये इथल्या माशा आणि गांधीलमाशांची मोठी सूची छापली, त्यातल्या कितीतरी जातींचं गावपातळीवरचं आयुष्य अजून कुणी लिहिलेलं नाही. तुमच्या अंगणातही लिहिण्यासारखं आहे.

तूर. इथे थोडं जास्त बोलतो, कारण तुमचं पोट तिच्यावर आहे. तुरीच्या फुलात वर पिवळा पंखा, बाजूला दोन पाकळ्या आणि खाली दोन पाकळ्या जोडून झालेली होडी असते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या होडीत बंद. माशीने वजन टाकून होडी खाली दाबली तरच ते बाहेर येतात. पानकापी हे काम मनापासून करते. फुलावर आली की डोकं आत खुपसते, पोट वर उचलते, होडी दबते आणि आतला पराग तिच्या पोटाखालच्या केसांना लागतो. घरगुती मधमाशी पराग मागच्या पायांच्या टोपलीत मधाने चिकटवून नेते. ही पोटाखालच्या दाट केसांच्या ब्रशमध्ये कोरडाच नेते, म्हणून पुढच्या फुलावर तो सहज सांडतो. पोटाखाली पिवळी धम्मक दिसणारी माशी तुरीवर दिसली की ओळखा, हीच. कार्तिकातल्या उन्हात अकराच्या सुमारास तुरीच्या ओळीत उभं राहिलं की तिचा भिरभिराट कानाला कळतो.

तूर माशीविना धरतच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. तुरीचे परागकोश फूल उमलण्याआधी कळीतच फुटतात, म्हणून ती स्वतःच्या परागावरही शेंग धरते. पण परपरागीकरणही बरंच होतं, आणि ते जवळपास सगळं कीटकांमुळे. तुरीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. घरचं बी धरणाऱ्याला हे माहीत असतं. शेजारच्या वावरात वेगळं वाण असेल तर दोन-तीन वर्षांत बी मिसळतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने संकरित तूर काढली, आयसीपीएच २६७१ हा तिचा गाजलेला संकर. त्यात मादी ओळीचा पराग वांझ असतो, म्हणून बी धरायला दुसऱ्या ओळीचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो. हाताने करणं परवडत नाही. ते काम या रानमाशा फुकट करतात. ज्या भागात त्या नाहीत तिथे संकरित बियाण्याचा प्लॉट घेऊन उपयोग नाही.

तागाचं तर याहून पुढे. ताग हिरवळीच्या खतासाठी आपण फुलावर आल्याबरोबर गाडतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण बियाण्यासाठी ठेवला तर मोठ्या भुंग्यांनी आणि या माशांनी फूल दाबल्याशिवाय त्याला दाणा नीट भरत नाही. जनावरांसाठी लावलेल्या लसूणघासाचंही तेच. त्याचं फूल उघडताना आतला दांडा फटकन वर येतो आणि मधमाशीच्या डोक्याला लागतो. ती शहाणी होऊन बाजूने मध चोरायला शिकते. पानकापी त्या फटक्याला भीत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात युरोप-आशियातली मेगाकाइली रोटुंडाटा योगायोगाने पोचली. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी लाकडात हजारो भोकं पाडून तिला पाळलं आणि लसूणघासाच्या बियाण्याचा मोठा धंदा तिच्या जिवावर उभा केला.

माझं एकच म्हणणं आहे, ताई. हिला पानं कधीच कमी पडत नाहीत, तुमच्या गुलाबाच्या दहा-वीस पानांनी झाडालाही काही होत नाही. हिला कमी पडतं ते भोक. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या गावांत जायचो तिथे कुडाची भिंत, मातीचं पोत्यारं, बांबूचे वासे, कवेलूचं छप्पर होतं. एका घरात शेकडो भोकं. आता सिमेंट, स्लॅब, टिनाचे पत्रे. माणसासाठी हे चांगलंच झालं, पण माशीची वस्ती त्यात गेली. उरला धुरा. पूर्वी धुऱ्यावर बोर, हिवर, एरंडी, खुळखुळा, शरपुंखा असायचे, पूर्व विदर्भात भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर तूरही असते. आता धुरा जेसीबीने निमुळता करतात, उरलेल्यावर तणनाशक मारतात, आणि माघ-फाल्गुनात काडीकचऱ्यासकट पेटवून देतात. त्या वाळल्या पोकळ काड्यांमध्ये, ओंडक्याच्या जुन्या भोकांमध्ये पुढच्या पावसाळ्याच्या माशा कोषात झोपलेल्या असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातून त्या अशाच, अन्नपाण्याविना, कोषात बसून पार होतात आणि पावसानंतर बाहेर येतात. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांचा खरा हंगाम. पेटवलेल्या धुऱ्यावरून पोळ्याला कोण येणार?

फवारणीचं एक सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून मी कुणालाही औषधाचं नाव सांगायच्या आधी वेळ आणि वारा विचारतो. तुरीला घाटेअळी येते, तिच्याकडे डोळेझाक करा असं मी सांगणार नाही. पण कळी लागायला सुरुवात होताच पाच टक्के निंबोळी अर्क, हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे), पक्ष्यांना बसायला वावरात काड्या, एवढं केलं तर बऱ्याच वेळा पुढचं औषध टळतं. मारावंच लागलं तर दुपारी भर फुलावर मारू नका. माशा घरी गेल्यावर, सूर्य कलल्यावर मारा, आणि एक औषध पुरेसं असताना तीन-तीन मिसळू नका.

तुमच्याकडे करायला सोपं काम म्हणजे बांबूची जुडी. वाळलेला बारीक बांबू घ्या, आतून पेन्सिल जाईल एवढं भोक असलेला, सहा ते दहा मिलीमीटर. वीतभर लांब तुकडे असे कापा की एका टोकाला गाठ राहील आणि ते बंद असेल. वीस-पंचवीस तुकडे तारेने बांधा, उघडी तोंडं पूर्वेकडे, छपराखाली छातीच्या उंचीवर टांगा. पावसाचा मारा आणि वैशाखातलं थेट ऊन लागता कामा नये. तारेला थोडं ग्रीस फासा, नाही तर मुंग्या सगळं खातील. जुडी वाऱ्यात हलत असेल तर माशी येत नाही, म्हणून भिंतीला घट्ट टेकवा. मातीवालीसाठी रांजणाजवळ किंवा जनावरांच्या टाक्याजवळ थोडा चिखल ओला राहू द्या. वापरलेली जुडी दोन वर्षांनी बदला, जुन्या नळ्यांत माइट, म्हणजे बारीक कोळी, आणि बुरशी साचते. दूरवर टांगून उपयोग नाही, या माशा घरापासून काहीशे मीटरच्या आतच फिरतात. एक जुडी अंगणात, एक तुरीच्या धुऱ्यावर ठेवा. आणि धुऱ्यावर दोन कांचनाची किंवा आपट्याची झाडं लावा. दसऱ्याला आपट्याची पानं तोडताना मी आधी कडा बघतो. गोल काप असलेलं पान सापडलं की ते सोनं देत नाही, खिशात ठेवतो. ही माझी जुनी सवय आहे.

राहिलेले दोन लहान प्रश्न. मध ती साठवत नाही, खायला-विकायला काही मिळत नाही. आणि चावायचं म्हणाल तर हिला राखायला पोळं नाही, म्हणून अंगावर धावून येत नाही. मुठीत दाबली तर डंख मारेल, तोही आग्या माशीच्या मानाने काहीच नाही. लहान मुलांना जुडीजवळ उभं राहून बघू द्या. घाबरायचं कारण नाही, आणि एकदा माशीला पान घेऊन आत शिरताना पाहिलं की मूल पुन्हा दगड मारत नाही, हे मी शाळांमध्ये पाहिलं आहे.

कुलपाचं काय करायचं ते शेवटी. काडीने माती कोरून काढू नका. खोलीला दुसरं कुलूप लावा आणि हे कुलूप तसंच, भोक त्याच दिशेला ठेवून, सावलीत खिळ्याला अडकवा. पावसाळ्यात भरलेलं असेल तर साधारण महिन्या-दोन महिन्यांत माशी बाहेर पडेल, उशिरा भरलेलं असेल तर पुढच्या पावसापर्यंतही थांबावं लागेल. मातीच्या बुचाला मधोमध गोल भोक पडलेलं दिसलं की आतली निघून गेली. मग केरोसीनने धुवा, तेल घाला, कुलूप पहिल्यासारखं चालेल.